जमिनीखाली पाणी साठवण्याचा प्रकल्प: पैसा कुठून आणि कोणत्या क्रमाने उभा करावा

धरणासाठी किंवा जलकुंभासाठी कर्ज मागताना दाखवायला काहीतरी असते. भिंतीची उंची असते, टाकीची क्षमता असते. जलधरात, म्हणजे जमिनीखालच्या पाणी धरून ठेवणाऱ्या वाळूच्या किंवा खडकाच्या थरात, साठवलेले पाणी कुणाला दिसत नाही. नदीला मुबलक पाणी असताना जास्तीचे शुद्ध पाणी विहिरीतून खाली सोडायचे आणि टंचाईत त्याच विहिरीतून उपसायचे, ही पद्धत काही नवी नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरच्या वाइल्डवुडमध्ये ती १९६०च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आहे. तरीही पैसे देणारा दर वेळी दोनच प्रश्न विचारतो: खाली घातलेल्यापैकी वर किती येणार, आणि ते पाणी तुमचेच राहणार याला आधार काय?

ही दोन उत्तरे हातात नसताना मोठे कर्ज काढले, तर भूगर्भातली अनिश्चितता थेट पाणीपट्टीवर येऊन बसते. म्हणून बुडाला तरी शहर बुडणार नाही असा पैसा आधी खर्चायचा आणि परत करावा लागणारा नंतर आणायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत.

पायरी १: किती पाणी, किती दिवस, किती वर्षांतून एकदा

‘पाणीसुरक्षा वाढेल’ या वाक्यावर कुणी पैसे देत नाही. एक हिशेब मांडून पाहू. टंचाईच्या ९० दिवसांत रोज १० दशलक्ष लिटर, म्हणजे १० एमएलडी, तूट पडते असे धरा. वर यायला हवे ९०० दशलक्ष लिटर. चाचणीत एका विहिरीचा खात्रीचा उपसा २.५ एमएलडी निघाला तर चार विहिरी चालू लागतील आणि पाचवी राखीव. पाचवी चैन म्हणून नाही. ऐन टंचाईत एक पंप काढावा लागला तर उपसा एकदम पाव भागाने घटतो, म्हणून ती लागते.

आता भरण्याची बाजू. पाणी खाली सोडण्याचा वेग उपशापेक्षा कमीच धरावा, कारण सोडताना विहीर चोंदत जाते. विहिरीमागे २ एमएलडी धरले तर चार विहिरींत रोज ८ एमएलडी जाईल. दहा टक्के पाणी हाती लागणार नाही असे मानले तर १,००० दशलक्ष लिटर भरावे लागतील, म्हणजे १२५ दिवस. विहिरी धुण्याचे खाडे धरून १४०. पुढचा प्रश्न बऱ्याच प्रस्तावांत विचारलाच जात नाही: जलशुद्धीकरण केंद्रात वर्षातले १४० दिवस ८ एमएलडी क्षमता खरोखर मोकळी असते का? नसेल तर केंद्राचा विस्तारही प्रकल्पात धरावा लागतो आणि खर्चाचे सगळे गणित बदलते.

हा साठा दरवर्षी वापरायचा की फक्त दुष्काळात, हेही इथेच ठरवावे. पाच वर्षांतून एकदाच उपसा होणार असेल तर उपसलेल्या दर हजार लिटरचा खर्च भयंकर दिसतो आणि सभागृहात कुणीतरी तोच आकडा वाचून दाखवतो. दुष्काळासाठीच्या साठ्याची तुलना त्यामुळे प्रति लिटर खर्चावर करू नये. तितक्याच खात्रीचे पाणी देणारा दुसरा मार्ग, म्हणजे नवे धरण, लांबून आणलेली जलवाहिनी किंवा समुद्राचे पाणी गोडे करण्याचा प्रकल्प, वर्षाला किती खर्चात पडेल, त्याच्याशी करावी. टेक्सासमधले सॅन अँटोनिओ शहर २००४ पासून एडवर्ड्स जलधरातले पाणी ओल्या काळात उपसून कॅरिझो जलधरात साठवते आणि कोरड्या काळात ते परत काढते. अशा साठ्याचे मोल त्याच्या असण्यात आहे, तो रोज किती फिरतो यात नाही.

पायरी २: पाणी कुणाचे, हे कागदावर आणा

हे काम सर्वांत स्वस्त आहे आणि सर्वांत जास्त वेळा मागे राहते. तीन गोष्टी लेखी हव्यात: पाणी जमिनीत सोडण्याची परवानगी, सोडलेले पाणी परत काढण्याचा हक्क, आणि त्याच जलधरावर बोअर असलेल्या इतरांनी ते उपसू नये याची व्यवस्था. तिसरी नसेल तर शहराने भरलेले पाणी शेजारच्या खासगी बोअरमधून निघत राहते आणि हप्ते शहर भरत राहते. भरलेल्या पाण्याचे खाते ठेवण्याची पद्धत नियामकाकडून मान्य करून घ्या: किती आत गेले, गळती म्हणून दरवर्षी किती वजा करायचे, उरलेले पुढच्या वर्षात नेता येते का. कर्ज देणाऱ्याचा वकील हेच खाते आधी मागतो.

पायरी ३: प्राथमिक अभ्यास, स्वतःच्या पैशातून

जुन्या बोअरच्या नोंदी, पाणीपातळीचे आलेख, खडकाचा प्रकार, भूजलाची रासायनिक तपासणी, आसपासचे प्रदूषणाचे स्रोत. पाणीपुरवठा विभागाच्या चालू अंदाजपत्रकात हा खर्च सहज बसतो आणि तिथेच बसवावा. अनुदानाची वाट पाहत हा अभ्यास दोन वर्षे थांबवण्यात काही अर्थ नाही. ‘इथे होणार नाही’ असा निष्कर्ष निघाला तरी पैसे वसूल झाले असे समजा.

पायरी ४: चाचणी विहीर, म्हणजे प्रकल्पाचा खरा निकाल

कर्जाचा व्याजदर, मुदत आणि मागितली जाणारी हमी यांवर सर्वांत जास्त परिणाम याच टप्प्याचा होतो, म्हणून इथे हात आखडू नये. एक पूर्ण आकाराची विहीर, किमान दोन निरीक्षण विहिरी (एक जवळ, एक भूजल जिकडे वाहते त्या दिशेला लांब), जोडणारी जलवाहिनी, दोन्ही दिशांचा प्रवाह मोजणारा मीटर, पाण्याच्या पातळीची सतत नोंद घेणारे उपकरण आणि प्रयोगशाळेचा खर्च, एवढे तरी चाचणीत हवे. लहान व्यासाची ‘नमुना’ विहीर खणून पैसे वाचवण्याचा मोह टाळा. तिच्यातून मिळालेला वेग मोठ्या विहिरीला लागू होईलच असे नाही, आणि पुढे उत्पादनासाठी ती कामालाही येत नाही.

चाचणी आवर्तनांत करतात. पहिले आवर्तन छोटे: तीन ते पाच दिवस पाणी सोडायचे आणि लगेच उपसायचे. दुसऱ्यात महिनाभर सोडायचे, महिनाभर ठेवायचे, मग काढायचे. तिसरे पूर्ण हंगामाचे. प्रत्येक आवर्तनात सोडलेले व काढलेले पाणी, क्षारता, लोह, मँगनीज, आर्सेनिक आणि क्लोरिनमुळे तयार होणारे ट्रायहॅलोमिथेन मोजायचे. अशी तीन आवर्तने दीड-दोन वर्षे सहज घेतात.

बिघडते ते प्रामुख्याने दोन ठिकाणी. पहिले म्हणजे चोंदणे. पाणी रोज तेवढेच सोडले तरी विहिरीतली पातळी दिवसेंदिवस वर चढू लागली, की विहिरीच्या तळाकडच्या, पाणी आत-बाहेर जाऊ देणाऱ्या जाळीभोवतीची वाळू चोंदते आहे असे समजावे. कारणे चार: पाण्यातला बारीक गाळ, जिवाणूंचा थर, रासायनिक साका आणि हवा. हवेकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. पाणी केसिंगमधून, म्हणजे विहिरीला आधार देणाऱ्या नळीतून, मोकळे खाली कोसळले की बुडबुडे घेऊन जाते, ते वाळूच्या कणांमध्ये अडकून बसतात आणि पाण्याची वाट बंद करतात. म्हणून सोडण्याचा पाइप पाण्याच्या पातळीखाली न्यायचा आणि खाली प्रवाह नियंत्रित करणारा व्हॉल्व्ह बसवायचा, म्हणजे पाइप कायम भरलेला राहतो. हा व्हॉल्व्ह महाग असतो आणि अंदाजपत्रकाला कात्री लावायची वेळ आली की पहिली कात्री त्यालाच लागते. तो वाचवून विहिरीची अर्धी क्षमता गमावणे हा तोट्याचा सौदा आहे.

चोंदण्यावर उपाय म्हणजे ठरावीक दिवसांनी पंप चालवून विहीर उलट धुणे. पहिले पाणी तांबूस, गढूळ येते, मग निवळत जाते. ते गढूळ पाणी सोडायचे कुठे? गाळ बसायला छोटे तळे किंवा मलवाहिनीची जोडणी लागते. ही बाब अंदाजपत्रकात नसेल तर पुढे वाढीव कामाचा पहिला प्रस्ताव हमखास याच कारणाने येतो.

दुसरी अडचण रसायनाची. प्राणवायू असलेले पाणी खडकातल्या पायराइट या लोह-गंधकाच्या खनिजापर्यंत पोचले की त्यातला आर्सेनिक सुटू शकतो. फ्लोरिडात चुनखडीच्या जलधरांत हे अनेक विहिरींत दिसले. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे चूक करायला फारशी जागा नाही. पुष्कळदा आवर्तनागणिक प्रमाण उतरत जाते, पण ते दाखवायला पुरेशी आवर्तने झालेली हवीत. एका आवर्तनावर अहवाल लिहिला तर चांगला प्रकल्पही वाईट दिसतो.

मूळ भूजल खारे असेल तर आणखी एक बाब येते. गोड्या पाण्याचा एक थर खारे आणि साठवलेले पाणी यांच्यामध्ये कायमचा सोडावा लागतो. समजा तो ६०० दशलक्ष लिटरचा आहे. हे पाणी कधीच परत काढायचे नाही. हिशेबात ते ‘वाया गेलेले पाणी’ म्हणून चालू खर्चात टाकू नका. धरणातल्या मृतसाठ्यासारखे ते भांडवल आहे. अनुदान-करारात पात्र भांडवली बाब म्हणून ते आधीच लिहून घ्या, नाहीतर लेखापरीक्षणात त्याच्यावरच बोट ठेवले जाईल.

चाचणीचे पैसे शहराच्या राखीव निधीतून आणि अनुदानातून आणावेत. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहराने शुद्ध केलेले सांडपाणी भूजलात सोडण्याची चाचणी २०१० ते २०१२ दरम्यान घेतली आणि पूर्ण आकाराचा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला. मधली वर्षे फुकट गेली असे वाटते, पण आरोग्य खात्याचा विश्वास आणि लोकांचा होकार याच वर्षांत मिळवता येतो, आणि हे दोन्ही असले की कर्जही स्वस्त पडते.

पायरी ५: अंदाजपत्रक, घटक सुटे करून

एकरकमी ‘विहीर क्षेत्र विकास’ असा आकडा लिहू नका. घटक असे सुटे पाडा: जमीन व सुविधाधिकार (दुसऱ्याच्या जमिनीतून वाहिनी नेण्याचा हक्क), खोदाई, केसिंग, जाळी, ग्रॅव्हल पॅक (जाळीभोवती भरायची खडी), पंप, मोटर, व्हॉल्व्ह, जलवाहिन्या, वीजजोडणी व पर्यायी वीज, उपशानंतरचे निर्जंतुकीकरण आणि लागलेच तर लोह-मँगनीज काढण्याची यंत्रणा, धुण्याच्या पाण्याची विल्हेवाट, निरीक्षण विहिरी, स्काडा (दुरून देखरेख व नियंत्रण करणारी संगणकीय यंत्रणा), पहिला भरणा, अभियांत्रिकी व परवाने, बांधकामकाळातले व्याज. सुटे पाडण्याचे कारण सरळ आहे: प्रत्येक अनुदान वेगळ्या घटकांना पात्र धरते. जमीन बऱ्याच योजनांत बसत नाही, देखभाल तर जवळपास कुठेच नाही.

आकस्मिक खर्चाची तरतूद चाचणीआधी ३० टक्क्यांच्या आसपास धरा, चाचणीनंतर १५ पर्यंत उतरवा. चाचणीआधीच १० टक्के लिहिलेला प्रस्ताव जाणकार माणसाला संशयास्पद वाटतो.

पायरी ६: पैशाचे मिश्रण

इथे व्याजदर आणि मुदत यांचे गणित डोळ्यांसमोर ठेवावे. भांडवली खर्च १०० मानू. सगळा बाजारातून ६ टक्क्यांनी २० वर्षांसाठी उचलला तर वर्षाचा हप्ता ८.७ पडतो. तोच सवलतीच्या ३ टक्क्यांनी ३० वर्षांसाठी मिळाला तर ५.१. म्हणजे हप्ता सुमारे ४१ टक्क्यांनी हलका. प्रस्ताव तयार करण्यात वर्षभर जास्त गेले तरी सवलतीच्या कर्जामागे धावणे परवडते, ते यामुळे. मात्र मुदत विहिरीच्या आयुष्यापलीकडे नेऊ नये. पंपासारख्या दहा-पंधरा वर्षांत बदलणाऱ्या वस्तू तीस वर्षांच्या कर्जात घालणे म्हणजे भंगारात गेलेल्या पंपाचे हप्ते भरणे.

सवलतीच्या कर्जालाही मर्यादा असतात. अमेरिकेतल्या विफिया या केंद्रीय कर्जयोजनेचे उदाहरण घ्या: पात्र खर्चाच्या ४९ टक्क्यांपर्यंत कर्ज, काम बहुतांशी पूर्ण झाल्यावर परतफेड पाच वर्षांपर्यंत पुढे ढकलण्याची सोय, आणि मुदत ३५ वर्षांपर्यंत. उरलेले ५१ टक्के कुठून येणार, हे त्या कर्जाच्या अर्जातच दाखवावे लागते. कुठल्याही देशातली योजना असो, ‘उरलेला हिस्सा कुणाचा’ हा रकाना रिकामा ठेवून अर्ज पुढे सरकत नाही.

अनुदानाच्या बारीक अक्षरांतल्या चार अटी आधी वाचा. पैसे आधी मिळतात की खर्चानंतर भरपाई मिळते? भरपाई असेल तर तीन-चार महिन्यांची बिले भागवण्याइतके खेळते भांडवल वेगळे लागते. करारावर सही होण्याआधी केलेला खर्च धरतात का? बहुधा नाही, म्हणून घाईने खोदाई सुरू करू नका. शहराचा हिस्सा रोखच हवा की जमीन आणि कर्मचाऱ्यांचा वेळही चालतो? आणि खर्चाची अंतिम तारीख काय? शेवटची अट सर्वांत घातक ठरते. दोन वर्षांत संपवायचे अनुदान आणि दीड-दोन वर्षांची आवर्तने यांचा मेळ बसत नाही. नदीला पाणी येण्याचा एक हंगाम हुकला की पैसे परत जातात. असे अनुदान विहीर आणि उपकरणे यांना लावा आणि आवर्तने शहराच्या पैशातून करा.

भागीदार शोधताना ‘या प्रकल्पामुळे आणखी कुणाचा खर्च वाचतो?’ असे विचारा. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीत भूजल सांभाळणारी आणि सांडपाणी सांभाळणारी अशा दोन स्वतंत्र संस्था आहेत. सांडपाणी संस्थेला समुद्रात सोडण्याची दुसरी मोठी वाहिनी बांधावी लागण्याची वेळ येत होती. तेच पाणी अतिशुद्ध करून भूजलात सोडल्याने ती टळली, म्हणून तिने खर्चात वाटा उचलला. २००८ मध्ये दिवसाला ७ कोटी गॅलनने सुरू झालेला हा प्रकल्प २०१५ मध्ये १० कोटी आणि २०२३ मध्ये १३ कोटी गॅलनवर गेला. टप्प्याटप्प्याने वाढवण्याची ही सोय विहिरींच्या प्रकल्पात उपजतच असते. धरण अर्धे बांधून उपयोग नाही, पण पाचपैकी दोन विहिरी बांधून पाणी घेता येते. कर्जही तसेच टप्प्यांनी उचला, न उचललेल्या रकमेवर व्याज नसते. काही ठिकाणी रक्कम राखून ठेवल्याबद्दल बांधिलकी शुल्क असते, ते विचारून घ्या.

कर्जरोखे मोठ्या शहरांना जमतात. लहान शहराला रोखे काढण्याचा खर्च, म्हणजे पतमानांकन, वकील आणि विक्री यांचा, रकमेच्या मानाने जड जातो. रोख्यावर ‘हरित’ असा शिक्का बसला तरी परतफेड पाणीपट्टीतूनच करायची असते. नव्या बांधकामांवरचे जोडणी शुल्क हा चांगला पूरक स्रोत आहे, पण बांधकाम मंदावले की तो आटतो, म्हणून हप्ता त्याच्यावर बेतू नका.

पायरी ७: पाणीपट्टी आणि हप्त्याची ऐपत

कर्ज देणारे पाहतात ते निव्वळ उत्पन्न आणि वार्षिक हप्ता यांचे गुणोत्तर. १.२ ते १.२५ ही नेहमीची अपेक्षा असते. हप्ता ४ कोटी असेल तर चालू खर्च भागवून ५ कोटी उरले पाहिजेत. हे गणित ओल्या वर्षाचेही मांडा आणि कोरड्या वर्षाचेही. कोरड्या वर्षी लोक पाणी जपून वापरतात, विक्री घटते आणि नेमका त्याच वर्षी उपशाचा विजेचा खर्च वाढतो. म्हणून या प्रकल्पाची वसुली स्थिर आकारातून करावी, मीटरच्या युनिटवर टाकू नये. दरवाढ कर्जाच्या पहिल्या हप्त्याआधी दोन-तीन वर्षे, थोडी थोडी करत गेल्यास आकडाही सोसतो आणि जमलेली रक्कम राखीव निधी म्हणून दाखवता येते.

पायरी ८: अर्ज आणि निविदा

अर्जाच्या पहिल्या पानावर सहा आकडे ठेवा: वार्षिक साठा, खात्रीचा उपसा, चाचणीत सिद्ध झालेले पुनर्प्राप्तीचे प्रमाण, एकूण खर्च, पर्यायी प्रकल्पाचा खर्च, कुटुंबामागे मासिक वाढ. बाकी सगळे परिशिष्टात.

निविदेत खोदाईचे दर खोलीच्या प्रत्येक मीटरमागे घ्या. एकरकमी दर मागितला तर ठेकेदार भूगर्भाची सगळी जोखीम किमतीत मिसळतो आणि खडक सोपा लागला तरी शहर कठीण खडकाचेच पैसे भरते. अपेक्षेपेक्षा कमी पाणी देणाऱ्या विहिरीचे पैसे कुणी सोसायचे, हे निविदेतच लिहा: जागा शहराने निवडली असेल तर शहराने, बांधणीतला दोष असेल तर ठेकेदाराने. दोष कुठे आहे हे ठरवायला बांधणीनंतरची क्षमता-चाचणी आणि विहिरीच्या आतली चित्रफीत हवी. या दोन ओळी निविदेत नसल्या तर वाद लवादात जातो.

पायरी ९: सुरू झाल्यानंतरचा पैसा

दर काही वर्षांनी विहिरींची रासायनिक किंवा यांत्रिक स्वच्छता, पंप बदलणे आणि प्रयोगशाळेचा न संपणारा खर्च. यासाठी कर्जकरारातच वेगळे खाते उघडा आणि दरवर्षी ठरलेली रक्कम त्यात जाऊ द्या. प्रत्येक विहिरीची एक साधी नोंदवही ठेवा: तारीख, सोडण्याचा वेग, पातळी, धुण्याचा दिवस. वेग तोच असताना दोन धुण्यांमधले अंतर पंधरा दिवसांवरून सहावर आले, की स्वच्छतेचा ठेका त्याच महिन्यात काढावा. त्यासाठी पुढच्या अंदाजपत्रकाची वाट पाहिली तर टंचाईत ती विहीर बंद असते आणि राखीव ठेवलेली पाचवी विहीर तिच्या जागी अडकून पडते.